तळ्यात बुडवलेल्या मोळ्या

मे महिन्यात आमचं तळं आटत आटत मधल्या डोहापुरतं उरतं. बाकीची जमीन उघडी पडते, भेगाळते, आणि सकाळी आठ वाजताच तिच्यावरून अनवाणी चालवत नाही. लग्न होऊन या गावात आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला त्या जमिनीवरून फिरवून आणलं होतं. काठीच्या टोकानं ते दाखवत होते. इथं देवधान, म्हणजे पाण्यातलं जंगली धान, उभं राहायचं. इथं पांढरी कमळं. इथं पाण्याखाली इतकं गवत की डोंगा पुढे सरकायचा नाही. मी बघत होते तिथं काहीच नव्हतं, थाळीसारखी सपाट माती. "आता मासोळीनं लपावं तरी कुठं, माय?" असं म्हणून ते तिथंच उकिडवे बसले.

गेल्या पाच वर्षांत मासोळीला लपायला म्हणून आम्ही फांद्या-बांबूंच्या मोळ्या बांधून त्या थाळीत काय काय बुडवलं, त्यातलं काय टिकलं, काय कुजलं आणि काय अंगावर आलं, ते एकदा नीट लिहून काढायचं मनात होतं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तळं मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या मालकीचं; लोक त्याला मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात अशी तळी हजारोंनी आहेत आणि त्यातली कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली. नवेगावबांधचं मोठं तळं कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं असं सांगतात. लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. तळं बांधणारा माणूस देव होतो, असा हा मुलूख आहे. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. पण पाणी धानाला आणि मासोळी आम्हा ढिवरांना, हा जुना वाटा आजही तसाच चालतो. आमच्या मच्छीमार संस्थेत 41 सभासद आहेत. मी बी.ए.पर्यंत शिकलेली, म्हणून संस्थेचा हिशेब माझ्याकडे आला आणि त्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर या मोळ्यांच्या नोंदी सुरू झाल्या.

तळं सपाट झालं ते दोन कारणांनी. एक म्हणजे बेशरम. जांभळट फुलांचं ते झुडूप कुठंही उगवतं, काठ खाऊन टाकतं, शेळ्यांनी खाल्लं तर त्यांना बाधतं, आणि ते दाट झालं की त्याच्या सावलीत पाण्यातलं आपलं गवत मरून जातं. दुसरं कारण, गाळ काढायला आलेलं यंत्र. गाळ निघाला, पाणी महिनाभर जास्त टिकायला लागलं, ते चांगलंच झालं. पण गाळाबरोबर कमळाचे कंद गेले, देवधानाचं बी गेलं, पाण्याखालच्या झाडांची मुळं गेली. खड्डे-उंचवटे सगळे एकसारखे झाले. ऑगस्टमध्ये आम्ही बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायचो आणि हिवाळ्यात पाणकावळे थव्यानं उतरून ती वेचायचे. चार बोटांएवढा मासा उघड्या पाण्यात जाणार तरी कुठं?

आमच्या तालुक्यात ढिवर बायकांनी बेशरम काढून तळ्यांमध्ये देशी पाणवनस्पती पुन्हा लावायचं काम केलंय. आम्हीही ते केलं, अजून करतोय. पण लावलेलं गवत जोर धरायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर काय, हा प्रश्न होता. तेव्हा मामाजींना आठवलं की त्यांच्या लहानपणी म्हातारी माणसं तळ्याच्या कोपऱ्यात बाभळीच्या फांद्या टाकून ठेवायची. रात्री कुणी चोरून जाळं ओढलं तर काट्यात फाटावं म्हणून. "पण मरळ तिथंच सापडायची," ते म्हणाले. "काट्याले चोर भितो, मरळ नाही भीत."

एका प्रशिक्षणात मी आसामच्या बिलांमधली, म्हणजे तिथल्या पूरपट्ट्यातल्या तळ्यांमधली, जेंगची पद्धत पाहिली होती. पावसाळा सरला की तिथले मच्छीमार पाण्यात झाडाच्या फांद्या रोवतात, वर जलपर्णी जमू देतात, मासे आत गोळा झाले की चारी बाजूंनी जाळं नाहीतर बांबूची चटई लावून फांद्या बाहेर काढतात आणि आतला मासा धरतात. बांगलादेशात त्यालाच काठा म्हणतात. आफ्रिकेतल्या बेनिनमध्येही खाजणात असंच करतात, त्याचं नाव अकाद्जा. मामाजींना मी हे सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. मासोळी सगळीकडे मासोळीच, म्हणाले.

काम करायचं तर मे महिन्यातच, जमीन उघडी असताना. पाणी असताना डोंग्यातून फांद्या टाकल्या तर त्या कुठं बसतात ते कळत नाही. कोरड्या जमिनीत खड्डा खणून, रोवून, वजन बांधून ठेवलं तर पाणी स्वतःच चढून येतं. अडचण एवढीच की मे म्हणजे बिडीचा तेंदूपत्ता. पहाटे तीनला उठून जंगलात गेलेलं माणूस दुपारी पत्त्याचे पुडे बांधतं, त्याला तळ्यात खड्डे खणायला कसं बोलवायचं? पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो, त्यात सात बाया. संध्याकाळी पाचनंतर काम करायचं, अंधार पडेपर्यंत.

लाकूड कोणतं घ्यायचं यावरच तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या गेल्या ते बरंच झालं. मला वाटलं होतं फांदी ती फांदी. मामाजी आणि त्यांच्या वयाचे दोघं तळ्याच्या पाळीवर बसले आणि एकेक नाव खोडत गेले. गेळ नको, हिंगण नको. त्यांच्या फळांनी मासे गुंगतात, जुने लोक डबक्यात तीच कुटून टाकायचे. करंज नको. चिकाचं कुठलंच झाड नको. सागाची फांदी कुणी तोडायची नाही, तो वनखात्याचा मामला. बाभळीवर थोडं थांबले. तिच्या सालीनं पाणी तांबूस होतं. पूर्वी सुती जाळी टिकावीत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवत, तोच रंग. थोडी असली तर चालेल, म्हणाले, आणि तोडून पंधरा दिवस वाळलेली हवी, हिरवी पाल्यासकट नको.

शेवटी ठरलं ते असं. खाली जांभळाचा ओंडका. जांभूळ पाण्यात लवकर कुजत नाही, जुन्या विहिरींच्या तळाशी जांभळाचीच चौकट घालत. आमच्या नशिबानं वळवाच्या वादळात एका शेताच्या बांधावरचं जुनं जांभूळ पडलं होतं, शेतकऱ्यानं सरपणाच्या भावात दिलं. ओंडक्याला बांधून पाच-सहा बांबू उभे-आडवे, पण त्यांच्या पेरांवरच्या बारीक फांद्या तोडायच्या नाहीत. आपण बांबू विकायला काढतो तेव्हा पहिल्यांदा त्याच उडवतो, इथं मात्र कामाची गोष्ट तीच होती. वर बाभळीची एखादी फांदी, तीही फक्त बाहेरच्या बाजूच्या मोळ्यांना. बांधायला नायलॉन नको यावर मी अडून बसले. लाकूड दोन-तीन वर्षांत जाईल आणि दोर मात्र पाण्यात राहून जाळ्यात, माशांच्या कल्ल्यात अडकत राहील. माझ्या आतेसासूबाईंनी पळसाच्या मुळ्या खणून, ठेचून त्याचा वाख काढला आणि तळहातावर वळून दोर करून दिला. हे काम येणारी आमच्या गावात ती एकच बाई उरली आहे. दोन दिवस मी तिच्याशेजारी बसून शिकले, माझा दोर अजूनही तिच्यासारखा एकसारखा येत नाही.

गावात कुणी त्याला माशांचं घर म्हणालं, कुणी झुडूप. पण सरपणाची मोळी डोक्यावरून आणावी तशा बाया त्या आणत होत्या, त्यामुळे मोळी हेच नाव राहिलं.

जागा मामाजींनी ठरवल्या. डोहात टाकायचं नाही. तिथं तळाशी काळा, वास मारणारा चिखल, मासा तिथं खाली थांबत नाही. शिवाय उन्हाळ्यात सगळी मासोळी तिथंच आसऱ्याला येते. अगदी काठालाही नको, दिवाळीनंतर ती जागा कोरडी होणार. तुडुमापासून, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीपासून, लांब, कारण तुडुमातून धानाचं पाणी जातं. जाळं ओढायचा पट्टा मोकळा. उरली ती डोहाच्या कडेची जागा, जिथं तळं बांधायच्या आधी नाला वाहत असावा असा एक किंचित खोलगट पट्टा अजून ओळखू येतो. भरल्या तळ्यात तिथं दीड पुरुष पाणी. त्या पट्ट्यानं आम्ही 14 मोळ्या रोवल्या, प्रत्येकीत दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. ओंडका गुडघाभर खड्ड्यात, वर दगड. जागा कळावी म्हणून प्रत्येक मोळीशेजारी एक खुंटा.

या खुंट्यांचं सांगते. दोन तरुण पोरांनी शेवटच्या दिवशी अंधार होतोय म्हणून काठावर हाताला आली ती लाकडं तोडून खुंटे ठोकले. कुणाचं लक्ष गेलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी चढत असताना मी पाळीवरून बघते तर पाच खुंट्यांना हिरवीगार पानं. बेशरम! तिची काडी ओल्या जमिनीत खोचली की ती जगते, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन उन्हाळे आम्ही बायांनी जे मुळासकट उपटून पाळीपलीकडे वाळत टाकलं होतं, तेच आपल्या हातानं परत लावून बसलो होतो. छातीभर पाण्यात उतरून ते उपटले तेव्हा त्यांना वीतभर मुळं सुटलेली होती. त्या पोरांना मी खूप बोलले. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं होतं.

त्याच महिन्यात दुसरा घोळ झाला आणि तो जास्त महागात पडला असता. 14पैकी दोन मोळ्यांना जांभूळ पुरलं नव्हतं, म्हणून घराच्या छपराचे जुने वाळके वासे लावले होते. वाळकं लाकूड आधी तरंगणारच. ओल्या लाकडाचं तसं नाही, ते जड असतं, लवकर बसतं. मोठ्या पावसाच्या रात्री दगड सरकले, दोन्ही मोळ्या उठल्या आणि वाहत तुडुमाशी जाऊन अडकल्या. धानाची रोवणी चालू होती. खालच्या शेतांना पाणी पोचेना. सकाळी सहा वाजता चार शेतकरी आमच्या दारात. त्यांतले एक काकाजी इतके चिडले होते की "तुमचं मासोळीचं खूळ आमच्या धानाच्या मुळावर येते काय?" असं ओरडले. चूक आमची होती. मामाजी काही न बोलता उठले, विळा घेतला आणि पाण्यात उतरले. त्यांच्यामागं घरचे, म्हणजे माझे यजमान, त्यांच्यामागं मी. दीड तासात तुडुम मोकळं झालं. तेव्हापासून नियम: वाळकं लाकूड वापरायचंच असेल तर आधी महिनाभर डोहात दगडाखाली दाबून भिजवायचं. मग बुडवून बघायचं. हात सोडल्यावर वर आलं तर ते लाकूड अजून तयार नाही.

ऑगस्टमध्ये बोटुकली सोडली. मग माझं खरं काम सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी डोंग्यातून जाऊन एका ठरावीक मोळीची एक बारीक फांदी तोडून आणायची आणि बघायची. पहिल्यांदा काहीच नव्हतं, फक्त बोटाला बुळबुळीत लागलं. दुसऱ्यांदा फिकट तपकिरी थर. तिसऱ्यांदा, म्हणजे दीड महिन्यानं, तो हिरवट मखमलीसारखा झाला होता आणि स्टीलच्या ताटलीत पाण्यात ठेवला तर त्यातून सुईच्या टोकाएवढे जीव उड्या मारत बाहेर येत होते. पोरीच्या शाळेतलं भिंग लावून बघितलं. काही शेपटी हलवत होते, काही लाल धाग्यासारखे वळवळत होते. माझी मुलगी तास-दीड तास त्या ताटलीवरून उठली नाही.

त्याच फांदीवर मला आणखी एक गोष्ट दिसली. मखमलीत मध्येमध्ये पट्टे मोकळे होते, बोटानं खरवडावेत तसे, सगळे एका रुंदीचे. मी मामाजींना दाखवलं. त्यांनी नुसतं बघून सांगितलं, "रोहू चरली." बाजारातला रोहू हातात घेऊन त्याचं तोंड कधी निरखून बघा. खालचा ओठ जाड, आणि त्याला बारीक झालर असते. त्या झालरीनं तो लाकडावरचा थर खरवडतो. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगतं ते गाळून खातो. मृगळ तळाशी. मासा फांदी खात नाही, फांदीवर जे उगवतं ते खातो. फांदी म्हणजे त्याचं शेत. हे उमगल्यावर मला बांबूच्या त्या बारीक फांद्यांचं महत्त्व कळलं. एका जाड ओंडक्यावर जेवढी जागा, त्याच्या कितीतरी पट जागा शंभर काड्यांवर. आणि मोळी उथळ, उजेड पोचेल अशाच पाण्यात का हवी तेही. उजेड नाही तर थर नाही.

फेब्रुवारीत पहिलं जाळं ओढलं. नेहमीच्या पट्ट्यात बेताचंच लागलं. मग काही सभासदांनी मोळी क्रमांक 3 आणि 4 भोवती जाळं घातलं, पोरांनी पाण्यात उतरून काठ्या आपटल्या, आणि जे निघालं ते बघून पाळीवर माणसं नाचायला लागली. दोन ओढींत 86 किलो. त्यात दोन-दोन किलोच्या मरळी. इतकी मासोळी एका सकाळी आमच्या तळ्यातून कित्येक वर्षांत निघाली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मोळ्यांभोवती. तिसऱ्या दिवशीही. घरोघर वाटे झाले, अर्जुनीच्या बाजारात आमच्या बायांच्या टोपल्यांभोवती गर्दी.

मग पुढचे तीन आठवडे तळ्यात काहीच लागेना.

मी वही काढून बसले. महिन्याची बेरीज केली आणि मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीशी ताडून पाहिली. फरक होता जेमतेम आठ किलोचा. दोनदा बेरीज केली, तीनदा केली. मोळ्यांनी तळ्यातला मासा वाढवला नव्हता, गोळा केला होता. आधी महिनाभर थोडा थोडा लागायचा, तो आम्ही तीन दिवसांत काढून घेतला होता. आणि त्यातल्या मरळी तर पुढच्या पावसाळ्यात पिल्लं घालणाऱ्या.

सभेत मी हे मांडलं तेव्हा सगळ्यांना पटलं असं नाही. एक दादा म्हणाले, आसामात तर असंच काढतात ना, तूच सांगितलं. बरोबर होतं त्यांचं. पण तिथली बिलं पुराच्या पाण्यानं नदीशी जोडलेली असतात, दर वर्षी नदी नवा मासा आणून घालते. आमच्या तळ्यात रोहू-कतला सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहत्या पाण्याचा पूर लागतो. त्यांचं बीज आम्ही पैसे मोजून आणतो. आणि मरळ, मागूर, शिंगूर, झिंगे हे आपले गावरान, ते एकदा संपले की विकत आणून सोडायलाही सहज मिळत नाहीत. मोळी हा फासाही होऊ शकतो आणि घरही. तेच लाकूड, तोच दोर. जाळं कुठं घालायचं एवढाच फरक. मी त्या दिवशी सभेत जेवढी बोलले तेवढी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आवाज कापत होता.

दोन सभा गेल्या. शेवटी ठराव झाला: मोळीपासून दोन डोंग्यांच्या लांबीत जाळं घालायचं नाही. फेकजाळंही नाही. मोळीतला मासा चरायला बाहेर मोकळ्या पाण्यात येईल, तिथं धरायचा. फक्त मे महिन्यात, पाणी डोहापुरतं उरलं की, पाव किलोवरचा विकाऊ मासा काढायचा, मरळीची जोडी दिसली तर सोडून द्यायची. रात्री पाळत आळीपाळीनं. ज्या दादांनी विरोध केला होता, पहिली पाळी त्यांनी स्वतःहून घेतली.

दुसऱ्या वर्षी मोळ्या 22 झाल्या. त्या वर्षीचं एक प्रकरण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण त्याची सगळी जबाबदारी माझी. मी कुठंतरी वाचलं होतं की भाताचा पेंढाही पाण्यात टाकतात, त्यावर बारीक जीव फार लवकर वाढतात. आमच्याकडे तणसाला काय तोटा? सप्टेंबरच्या मध्यावर मी बायांना घेऊन तणसाच्या जुड्या बांधल्या, दगड लावले आणि आठ मोळ्यांशेजारी बुडवल्या. एकेका जागी किती, याचा हिशेब केला नाही. वाटलं, जास्त तर जास्त चांगलं. नवरात्रात सलग तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं, वारा नाही, ऊन नाही. पाचव्या पहाटे रात्रपाळीचा मुलगा दार वाजवत आला. पाळीवर गेले तेव्हा उजाडत होतं आणि पाण्यावरून एक आवाज येत होता, चप् चप् चप्, शेकडो तोंडांचा. मासे वर येऊन हवा घेत होते. जवळ गेलं तरी पळत नव्हते. कतले उलटे व्हायला लागले होते.

कुजणारं तणस पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. दिवसा ऊन असलं तर पाण्यातली वनस्पती तो भरून काढते, पण रात्री तीही श्वासच घेते, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. त्यात चार दिवस ऊन नाही. हे सगळं मला माहीत होतं, परीक्षेत लिहिता आलं असतं. पण जुड्या बांधताना आठवलं नाही.

मिळेल तेवढी माणसं पाण्यात उतरली. जुड्या ओढून काठावर आणताना त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येत होता. पाणी हवेत उडवून परत पाडायला हवं होतं, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पंप कुणाचा? ज्या काकाजींनी तुडुमावरून आमच्या दारात येऊन आवाज चढवला होता, त्यांच्याकडे डिझेलचं इंजिन होतं. घरचे सायकलीवर गेले. काकाजी इंजिन बैलगाडीत घालून स्वतः आले, पाळीवर लावलं आणि दुपारी ऊन पडेपर्यंत तिथून हलले नाहीत. डिझेलचे पैसे देऊ केले तर म्हणाले, "बाई, तळं काय तुमचंच आहे?" एकूण सव्वीस किलो मासा मेला. त्याहून किती मरू शकला असता याचा विचार करून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. वहीत मी ती तारीख लाल शाईनं लिहिली आहे. त्यानंतर तणस नाही, हिरवा पाला नाही. फक्त लाकूड आणि बांबू, जे हळू कुजतं.

चांगलंही बरंच झालं, तेही सांगते. त्याच हिवाळ्याच्या शेवटी फांदी तोडायला गेले तर ती हातात खरखरीत लागली. उजेडात धरली तर सगळ्या काड्यांना मोहरीएवढे, पाणीदार, पिवळसर मणी चिकटलेले. सायप्रनसची, म्हणजे कॉमन कार्प माशाची अंडी. हा मासा रोहूसारखा नाही, साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो, आणि त्याची अंडी चिकट असतात, त्यांना टेकायला काहीतरी लागतं. काही मण्यांत दोन काळे ठिपके दिसत होते. डोळे! मी फांदी घाईघाईनं परत पाण्यात खोचली, दोरानं बांधली आणि तिथंच डोंग्यात बसून राहिले. त्या वर्षीपासून जानेवारी ते मार्च फांद्या तोडणं बंद.

आता आकडे. मोळ्यांच्या आधी मार्चमध्ये आमचा रोहू सरासरी साडेसहाशे ग्रॅमचा भरायचा. मागच्या मार्चमध्ये नऊशेच्या वर भरला. कतल्यात फरक नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्याचं कारण वर आलंच आहे. सगळं श्रेय मी मोळ्यांना देणार नाही. मागच्या वर्षी बोटुकलीही मोठी आणली होती आणि पाणीही जास्त टिकलं. पण बोटुकलीतली किती हाती लागते ते मी दर वर्षी मोजते, आणि ते प्रमाण तीन वर्षं चढतं आहे. काठाचं गवतही आता धरलंय. मोळ्यांच्या आडोशाला लाटा अडतात, तिथली माती हलत नाही, म्हणून कमळाचे कंद तिथं आधी जगले. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

गेल्या श्रावणात एका दुपारी मामाजींना डोंग्यातून घेऊन गेले. त्यांना आता फार चालवत नाही, पण पाण्यावर नेलं की अंगात बळ येतं. 9 क्रमांकाच्या मोळीपाशी पाण्याच्या वरच्या थरात मला ताटाएवढा लालसर ढग दिसला. आधी वाटलं कुंकू सांडलं. तो ढग हलत होता, वर येत होता, खाली जात होता. मरळीची पिल्लं, शेकडो, केशरी-लाल, बोटाच्या पेराएवढी. आणि त्यांच्या खाली, बांबूच्या काड्यांच्या सावलीत, एक मोठी काळी पाठ स्थिर. मरळीची जोडी पिल्लं राखते, जवळ गेलं तर अंगावर येते. मामाजींनी हात वर करून मला वल्हं थांबवायला सांगितलं. डोंगा आपोआप वाहत गेला तेवढा गेला. ते काही बोलले नाहीत, ओठ हलत होते. घरी आल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, मोजत होतो, पण दीडशेच्या पुढं चुकलो.

या मे महिन्यात जुन्या मोळ्यांमधले बांबू बदलायचे आहेत. जांभळाचे ओंडके मी कोयत्यानं टोचून पाहिले, आत अजून टणक आहेत. आतेसासूबाईंनी पळसाच्या मुळ्या भिजत घातल्यात. तेंदूपत्ता संपला की सुरू करू.